हेमलताच्या चकलीतलं उणं

"यंदा माझी चकली इमानात बसली पाहिजे," हेमलता साळुंखे म्हणाली आणि आम्ही सगळ्या खो खो हसलो.

ती मात्र हसली नाही. उंब्रजहून येणारी एसटी चुकल्यामुळे ती अर्धा तास उशिरा आली होती, अजून तिचा श्वास नीट बसला नव्हता. पिशवी छातीशी धरून ती उभी होती.

"अगं, हे उद्दिष्ट शालननं आधीच सांगितलंय," वाळिंबेबाई फळ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "हे बघ. शालन देसाई. भागवतांच्या परदेशी फराळात चकली."

हेमलतानं फळा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. "मग दोघींचीबी बसंल की. इमान मोठं असतंय."

पुन्हा हशा झाला. या वेळी मी हसले नाही.

ही दोन हजार नऊ सालच्या जानेवारीतली गोष्ट. कराडमध्ये वाळिंबेबाईंच्या पुढच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमचा गट जमायचा. बाई कॉलेजात गृहशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. घरात बसून काहीतरी करून विकणाऱ्या आम्ही अकराजणी त्यांनी गोळा केल्या होत्या. कुणाच्या मेणबत्त्या, कुणाचं पोळीभाजी केंद्र, नसीमभाभींचे परकर आणि फॉल-पिको, माझा फराळ. हेमलता दिवाळीनंतर आली, ती बारावी. जानेवारीत प्रत्येकीनं उभं राहून वर्षाचं उद्दिष्ट मोठ्यानं सांगायचं आणि बाईंनी ते फळ्यावर लिहायचं, असा रिवाज होता. मनातल्या मनात ठरवलेलं कुणी करत नाही, असं त्या म्हणत.

माझ्या उद्दिष्टामागे एक वर्षाची वाट पाहणं होतं. पुण्याचे भागवत म्हणून एक व्यापारी होते. दिवाळीच्या आधी ते अमेरिकेत, दुबईत, कुठे कुठे फराळाची खोकी पाठवत. आदल्या वर्षी त्यांनी माझे बेसनलाडू घेतले होते आणि फोनवर म्हणाले होते, "देसाईबाई, चकलीचं पुढच्या वर्षी बघू." बघू म्हणजे दिलीच, असं मी धरून चालले होते. घरी, शेजारी, नणंदेला, सगळीकडे सांगूनही झालं होतं. आणि आता ही कालची आलेली बाई सरळ उभी राहून तेच मागत होती, तेही फळा न वाचता.

मग चिठ्ठ्या निघाल्या. आमच्या गटाचा दुसरा रिवाज म्हणजे जोडीण. वर्षभरासाठी प्रत्येकीला चिठ्ठीतून एक जोडीण मिळायची. दर महिन्याला आपण आपला माल घेऊन यायचं, आणि जोडिणीनं तो बघून, चाखून, सगळ्यांसमोर त्यातलं एक उणं सांगायचं. कौतुक करायला बंदी. "कौतुक घरी मिळतंय का बघा, इथे नाही," असं बाई पहिल्याच दिवशी बजावत. सांगितलेलं उणं वहीत लिहायचं आणि पुढच्या महिन्यात सुधारून आणायचं.

माझी जीभ गटात प्रसिद्ध होती. मी एक घास तोंडात घातला की समोरची वहीचं पान उलटून तयार बसायची. नसीमभाभी तर म्हणायच्या, "शालनताई जोडीण मिळाली म्हणजे वर्षभराची सासू मिळाली."

त्या वर्षी माझ्या वाट्याला नसीमभाभी आल्या. त्यांना माझं सगळंच गोड लागायचं. "थोडा कागद चांगला लावा पिशवीला," यापलीकडे त्यांनी वर्षभरात काही काढलं नाही.

आणि हेमलताची जोडीण म्हणून माझं नाव निघालं.

"आता बिचारीचं काही खरं नाही," कुणीतरी म्हणालं. हेमलता माझ्याजवळ येऊन वाकली, पाया पडायला. मी पाय मागे घेतले.

"ते राहू दे. फेब्रुवारीत चकली आण."

फेब्रुवारीत तिनं आणली. मी मोडली, चावली आणि मोठ्यानं सांगितलं, "मोहन जास्त झालंय. बोटाला तेल लागतंय बघ. परदेशात कागद तेलकट झालेला खोका कोण उघडणार?"

बाया गालात हसल्या. मला बरं वाटलं. हेमलतानं शाळेच्या वहीत लिहून घेतलं. मुलीची जुनी वही असावी, वर मराठी शुद्धलेखन असं लिहिलेलं होतं.

मार्चमध्ये बोटाला तेल लागलं नाही. मग मी म्हटलं, भाजणीत उडीद जास्त आहेत, दाताला लागतंय. एप्रिलमध्ये उडीद बरोबर होते. मी म्हटलं, काटे बोथट आहेत, सोऱ्याची ताटली झिजलीय, नवी घे. मे महिन्यात काटे असे आले की वाळिंबेबाईंनी चष्मा लावून बघितले. मग मी मिठावर घसरले, पुढे तिळावर. ती प्रत्येक वेळी मान खाली घालून लिहायची, वर बघून एवढंच म्हणायची, "बरं ताई."

जूनमध्ये एके दिवशी दुपारी मी माझी चकली तळली आणि सवयीनं मोडून तोंडात टाकली. आणि मला तिच्या चकलीची आठवण झाली.

तेवढ्यानंच माझा घास तिथेच थांबला. चौदा वर्षं मी चकली करत होते. माझ्या चकलीसाठी कार्वे नाक्यावरून माणसं येत. आणि मला स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या कढईसमोर उभं राहून दुसऱ्या बाईची चकली आठवत होती. ती सुधारत होती ती माझ्या जिभेवर. मी दर महिन्याला एक पायरी बांधून देत होते आणि ती चढत होती. माझी मात्र जानेवारीत होती तशीच होती, कारण मला उणं सांगायला नसीमभाभी होत्या.

मला तिचा हेवा वाटत होता. सरळ सांगते, पोट दुखायचं. ती बोलायची ते खेडवळ, साडी नेसायची ती गुडघ्याएवढ्या चिखलातून आल्यासारखी, आणि गटातल्या बाया तिच्याशेजारी बसायला जागा करून द्यायला लागल्या होत्या. वाळिंबेबाई तिला 'आमची हेमा' म्हणायला लागल्या. मला त्या कधी 'आमची शालन' म्हणाल्या नव्हत्या.

जुलैच्या शेवटी वाळिंबेबाईंकडे भागवतांचा निरोप आला. गुरुवारपर्यंत नमुन्याच्या दहा बंद पिशव्या पुण्याला पाठवा. त्यांची रीत मला ठाऊक होती. ते आलेली पिशवी लगेच फोडत नसत. तीन आठवडे फळीवर ठेवत, कारण खोकं तिकडे पोचायला तेवढेच दिवस लागत. मग फोडून चाखत. ताजी चकली कुणाचीही चांगलीच लागते, असं ते म्हणत.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी हेमलतानं ताटलीत चकल्या मांडल्या. सगळ्यांची नजर माझ्यावर होती. गुरुवारी हाच माल जाणार, त्यामुळे आज मी काय काढते याची उत्सुकता होती.

चकली देखणी होती. वेढे सुटे, काटे धारदार, रंग असा की उचलून आधी बघतच राहावं. मी मोडली. कट्‌कन आवाज आला. चावली, आणि थांबले.

वरून खुसखुशीत होती, पण वेढ्याच्या मधोमध, दोऱ्याएवढा जाड, एक मऊसर भाग राहिला होता. दुसऱ्या कुणाला कळला नसता. मला कळला.

"भट्टी नवीन घेतलीस का?" मी विचारलं.

"व्हय ताई. मागच्या आठवड्यात. एका घाण्यात तीस-तीस निघत्यात. मोठी आच हाय तिची, झटक्यात लाल हुत्यात."

बस. मोठ्या आचेवर चकली बाहेरून लाल झाली की ती काढत होती, आणि आत पाणी राहत होतं. तेलातले बुडबुडे पुरते थांबेपर्यंत चकली काढायची नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिकणं. लहान शेगडीवर चकली लाल व्हायलाच वेळ लागे, म्हणून हेमलता आपोआप थांबत होती. मोठ्या भट्टीनं तिला फसवलं. आज कुरकुरीत होती. आठ दिवसांत आतलं पाणी बाहेर येणार, आणि तीन आठवड्यांनी भागवत पिशवी फोडतील तेव्हा चकली हातात वाकेल. फक्त एवढंच सांगायचं होतं की आच कमी कर.

हेमलतानं वही उघडली होती. पेन हातात होतं.

"यात मला काही उणं दिसत नाही," मी म्हणाले.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग टाळ्या वाजल्या. वाळिंबेबाईंनी डोळ्याला पदर लावला. "शालन, तुझंही उद्दिष्ट तेच असताना तू हे म्हणालीस. माझ्या गटाचं सार्थक झालं गं."

"या अल्ला," नसीमभाभी म्हणाल्या, "ताईंना ताप तर नाही ना आला?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. बाईंनी पेढे मागवले. मी दोन खाल्ले.

हेमलतानं वही मिटली नव्हती. ती त्या कोऱ्या पानाकडे बघत बसली होती.

मंगळवारी दुपारी मी भाजणीचं धान्य भाजत होते. तांदूळ, डाळी झाल्या होत्या, धणे कढईत होते. दारात हेमलता उभी राहिली.

"ये की. एवढ्या दुपारची कशी आलीस?"

"बाजारात आलते. म्हटलं जाता जाता भेटावं." ती आत येऊन भिंतीला टेकून बसली. पाणी दिलं ते घटाघटा प्यायली. मग म्हणाली, "ताई, परवा माल जातोय."

"हो. माझाही जातोय."

"खरंच काही न्हाई का त्यात?"

मी कालथा फिरवत राहिले. "सांगितलं ना शनिवारी."

"सांगितलं की. पर वहीतलं पान कोरं राह्यलं. बरं वाटंना."

"कोरं राहिलं तर राहू दे. बायकांना कौतुक सोसत नाही बघ. अशीच दे पाठवून."

"अशीच देऊ?"

"अशीच दे."

सांगायला तिथे दुसरी संधी होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, टाळ्या नव्हत्या, बाई नव्हत्या. एक वाक्य बोलले असते तर तिला बुधवारचा अख्खा दिवस मिळाला असता. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं हे मी शपथेवर सांगेन. पण मला दिसत होतं ते भागवतांचं खोकं, त्यातली तिची चकली आणि घरी सगळ्यांना काय सांगायचं हा प्रश्न. मी कढईतच बघत राहिले.

"ताई, धणे करपले," हेमलता म्हणाली.

खरंच करपले होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी घाईनं कढई उतरवली. मान वर केली तेव्हा ती चपला घालत होती.

"येते ताई."

पुढचे तीन आठवडे मी आनंदात होते, असं म्हणणं खोटं ठरेल. पण दुःखातही नव्हते. दर दोन दिवसांनी मी मनात हिशेब करायची की आता तिची चकली किती मऊ पडली असेल. आठव्या दिवशी जरा नरमली असेल. पंधराव्या दिवशी तुटताना आवाज येत नसेल. भाजी चिरताना, पूजा करताना मला फळीवरची ती पिशवी दिसायची. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "कसलं हसू येतंय गं?" मी म्हटलं, काही नाही.

सप्टेंबरच्या शनिवारी वाळिंबेबाई दारातच उभ्या होत्या. "सकाळी भागवतांचा फोन आला," त्या म्हणाल्या. "आत या आधी."

आम्ही बसलो. मी मुद्दाम पुढे बसले.

"तीन गावांतून सतरा नमुने गेले होते," बाई म्हणाल्या. "त्यात पहिली आमची हेमा. दुसरी शालन."

मला वाटलं बाईंनी नावं उलटी वाचली. मी वाट बघितली, त्या चुकलं म्हणतील म्हणून. त्या म्हणाल्या नाहीत. पुढचं सांगत राहिल्या. मागणी मोठी आहे, म्हणून दोघींकडूनही चकली घेणार. तीन हिस्से हेमलताचे, एक माझा. सगळा माल हेमलताच्या नावानं जाईल. माझा माल टेंपोत चढण्याआधी तिनं बघून घ्यायचा आणि तिनं बरा म्हटला तरच चढवायचा.

सगळ्याजणी तिला मिठ्या मारत होत्या. मलाही दोघी-तिघींनी मारल्या. दुसरी आली म्हणून.

"आता सांग," बाई हेमलताला म्हणाल्या. उद्दिष्ट पुरं झालं की ते कसं झालं हे सांगायचं, हाही रिवाजच होता.

हेमलता उभी राहिली. तिला बोलायची सवय नव्हती. पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला काय येत नव्हतं. शालनताईंनी उणं काढलं, तसं मी करत गेले. शेवटचं तर फारच मोठं निघालं. मोठ्या भट्टीवर चकली आतनं कच्ची राहात हुती. मला पत्ताच न्हवता. मी मंगळवारी ताईंच्या घरी गेले, तवा कळलं. मग बुधवारी सगळा माल नव्यानं केला. आच कमी ठिवली, बुडबुडं थांबोस्तर थांबले. ताई नसत्या तर माझी चकली पुण्यातच राहिली असती."

आता टाळ्या माझ्यासाठी होत्या. वाळिंबेबाई म्हणाल्या, "घरी बोलावून सांगितलंस? चारचौघांत तिला कमीपणा नको म्हणून? शालन, शालन!" आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

मी हात सोडवून घेतले.

चहा झाल्यावर कपबशा विसळायची पाळी हेमलताची होती. मी मागच्या मोरीत तिच्यामागे गेले आणि दार लोटून घेतलं.

"तू खोटं का बोललीस?"

"कुठं खोटं?"

"मी कधी सांगितलं तुला आचेचं?"

तिनं नळ बंद केला. "सांगितलं की, ताई. सहा म्हयनं तुम्ही एकदाबी माझ्या चकलीला बरी म्हटला न्हाई. मीठ बरोबर झालं तर तिळाला नाव ठिवलं. आनी त्या दिवशी एकदम उणं न्हाई? मला काय सुदरंना. घरला येऊन परत इचारलं, तर धणे करपलं तुमचं, पर तुम्ही मान वर केली न्हाई." कपावरचं पाणी तिनं झटकलं. "तवाच कळलं, उणं हाय. आन बारकं न्हाई, मोठं हाय. बारकं असतं तर सांगितलं असतंसा."

तिनं पुढची बशी उचलली.

"घरी जाऊन शनिवारची पिशवी फोडली. चार दिवसांत नरम पडली हुती, पावसाळी हवा. मग काय, भट्टी बारीक केली."

"मग तिथं सगळ्यांसमोर माझं नाव कशाला घेतलंस?"

"मग कुणाचं घेऊ?" ती म्हणाली आणि पुन्हा नळ सोडला.

मला शरम वाटली. पण खरं सांगायचं तर ती नंतर वाटली. आधी राग आला. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, बाईंना सांगितलं असतं, गटातून काढलं असतं, तर मी तोंड वर करून भांडले असते. भांडणात मी कुणाला हार जात नाही. तिनं भांडायला जागाच ठेवली नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी माझ्या वाटणीच्या एकशेवीस पिशव्या केल्या. तेवढ्या काळजीनं मी आयुष्यात चकली केली नव्हती. भाजणी दोनदा चाळली. तेल नवं. प्रत्येक घाण्याला कढईसमोर उभी राहून शेवटचा बुडबुडा विझेपर्यंत पाहत राहिले. बाहेर काढल्यावर पंख्याखाली नाही, कापडावर पसरून आपोआप निवू दिल्या आणि मगच पिशव्या बंद केल्या. तिला बोट ठेवायला जागा मिळू द्यायची नाही, एवढं एकच डोक्यात होतं.

टेंपो पाचला यायचा होता. दुपारी एकला हेमलता आली. माझ्याच घरात, माझ्याच पाटावर बसून ती माझा माल तपासणार होती. तपासायला म्हणून जादा केलेल्या पाच पिशव्या मी तिच्यापुढे ठेवल्या. तिनं पिशव्यांतून एकेक चकली काढली, मोडली, कानाशी धरून मोडली, उजेडात वेढ्याचा काप बघितला, चावली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. इतके महिने तिनं माझ्या तोंडाकडे असंच बघितलं असणार.

"झ्याक झाल्यात, ताई," ती म्हणाली.

"नीट बघितलंस?"

"बघितलं की. लई बेस."

"मीठ?"

"बरोबर."

"आत? आत काही लागलं?"

"न्हाई ताई. पार आतपर्यंत तळल्यात. पाठवू बिनघोर." तिनं हात झटकले, तोंडावरून पदर फिरवला. "मी टेंपो घिऊन येते पाचला."

ती माझ्याकडे सरळ बघत होती. मान खाली घातली नव्हती, नजर चुकवली नव्हती. हे मी पाहिलं. आणि तरीही ती वळणावर दिसेनाशी झाल्याबरोबर मी आत आले आणि दार लावून घेतलं.

कारण तिच्या जागी मी असते तर आज हेच केलं असतं. हसून बरं म्हटलं असतं आणि मऊ माल जाऊ दिला असता. सगळं खोकं तिच्या नावावर होतं हे खरं, पण माझी पिशवी कोणती हे भागवतांना कळलं असतं, पिशवीच्या कागदावर माझं नाव होतं. एक माल खराब निघाला की दुसऱ्या वर्षी शालन देसाईला कोण विचारणार? कोणत्या शहाण्या बाईनं अशी संधी सोडली असती?

मी एक पिशवी फोडली. चकली मोडली, चावली. चांगली लागली. पण माझ्या जिभेवर मला विश्वास वाटेना. सहा महिने तिच्या चकलीतलं एकेक उणं काढणारी जीभ, ती स्वतःच्या चकलीत काय शोधणार? मी दुसरी पिशवी फोडली. कदाचित पहिल्या घाण्यातली असेल. मग शेवटच्या घाण्यातली एक. मग मधली. प्रत्येक चकली मी बोटांनी मोडत होते, नखानं आतला भाग उकरून बघत होते. कुठेतरी दोऱ्याएवढं काहीतरी सापडेल. तिला सापडलं आणि तिनं सांगितलं नाही, असं काहीतरी. सापडलं असतं तर मी किती खूश झाले असते! धावत जाऊन तिच्यापुढे टाकलं असतं आणि म्हटलं असतं, बघ, तूही माझ्यासारखीच.

काही सापडलं नाही.

पाचला टेंपोचा हॉर्न वाजला तेव्हा मी जमिनीवर बसले होते. चादरीवर मोडलेल्या चकल्यांचा ढीग, बोटांना तेल, पदरात तीळ. बारा पिशव्या संपल्या होत्या. बाराही उत्तम होत्या. अशी चकली मी त्याआधी केली नव्हती आणि त्यानंतरही जमली नाही.

हेमलता दारात आली. तिनं ढीग पाहिला. कोपऱ्यात रचलेल्या पिशव्या पाहिल्या आणि डोळ्यांनीच मोजल्या असाव्यात. मला वाटलं, आता विचारेल. मी उत्तरही तयार केलं, की पिशव्यांना भोकं पडली होती म्हणून.

ढिगातला एक तुकडा उचलून तिनं तोंडात टाकला आणि चावत चावत बाहेर गेली.

"शंकरराव," ती टेंपोवाल्याला म्हणाली, "हितल्या एकशे आठ घ्या. बारा माझ्याकडच्या जादा हायत, त्यांच्यावर ताईंच्या नावाचा कागद लावा."

माल गेला. भागवतांनी पुढची सहा वर्षं माझ्याकडून चकली घेतली. हेमलताचा आता उंब्रजला मोठा कारखाना आहे, चाळीस बायका आहेत कामाला, आणि वाळिंबेबाईंच्या भिंतीवर आम्हा दोघींचा फोटो आहे, खाली लिहिलंय 'आदर्श जोडीण'. भेटली की अजून ताई म्हणते, वाकायला जाते, आणि आता मी पाय मागे घेत नाही. त्या शनिवारी मी जे केलं ते आठवून मला अजून लाज वाटते. मंगळवारचं तर कुणाला सांगितलेलं नाही, आज सांगतेय.

पण त्या बारा पिशव्यांबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.